सतरा नंबर

मी ब्लाउज शिवते, पवननगरला, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत.
माणसं मला आकड्यांत पाठ असतात:
छाती चौतीस, मुंढा साडेपंधरा,
पाठीचा गळा खोल, पण सासूच्या नजरेत येणार नाही इतपत.
वहीत माझंही एक पान आहे.
डावीकडचा आकडा खोडरबरानं पुसलाय,
कागद तिथे जरा पातळ झालाय.

शाल्मली खैरनार आली ती चांदीचा दोरा घेऊन.
काकू, जाकीट शिवायचंय,
टाका तुटला तर वीज तुटेल.
चोवीस मोटारी, शर्टाच्या बटणाएवढ्या,
मोबाईल खिशात थरथरतो ना, त्याच जातीच्या.
लोक पुतळ्याला हात लावतील
आणि जाकीट घातलेल्या बाईला तो हात कळेल.
कशासाठी गं?
आपलं अंग कुठं संपतं ते बघायला.
मी दातांनी दोरा तोडला.
नाणं चोखल्यासारखी चव
दिवसभर जिभेवर राहिली.

पुतळा माझ्याच दुकानातला. बिनहाताचा, बिनडोक्याचा,
बावीस वर्षं दुसऱ्यांचे ब्लाउज अंगावर घेऊन उभा.
त्याच्या कापसात तिनं तारा पेरल्या.
जाकिटाला मापं माझी घेतली,
ट्रायलला मीच हाताशी, म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी नाचणाऱ्या मुलीला डेंग्यू.
जाकीट दुसऱ्या कुणाला बसेना.
गंगापूर रोडचं ते गोदाम,
भिंतींना द्राक्षांच्या खोक्यांचा वास अजून,
तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून मी उभी राहिले,
पन्नाशीची, पायात स्लीपर.

पहिला हात खांद्यावर. चार, मग पाच.
कुणा पोरानं कमरेत बोट खुपसलं आणि पळालं. नऊ.
एक जड हात पाठीवर आला,
भाजल्यासारखा उठला,
पुन्हा आला, आता जपून,
दुसऱ्याच्या घरातलं भांडं उचलावं तसा.
मला हसू फुटलं.
पुतळ्याला ते कळलं नाही.

मग सतरा.

सतरा मीच शिवली होती. तिथली कातडी
ऑपरेशनपासून मुकी. चहा सांडला
तरी पदर ओला दिसल्यावर समजतं.
मोटार गुणगुणत होती,
कातडी गप्प.
पण तिच्या पुढे, हवेत, दीड इंचावर,
माप सांगतेय, अंदाज नाही,
जिथे आता काहीच नाही तिथे
कुणीतरी तळवा ठेवला होता.

या गावाला नाव पडलं ते कापलेल्या नाकावरून, म्हणतात.
कथा सांगणारे इथे थांबत नाहीत,
हरणामागे पुढे निघून जातात.
त्या बाईला नंतर शिंक आली असेल
तेव्हा तिनं हात कुठे नेला
हे मी कीर्तनात कधी ऐकलं नाही.

पट्टी सोडली तेव्हा पुतळ्याजवळ कुणी नव्हतं.
शाल्मलीनं लॅपटॉप बघितला:
सतरा, अकरा सेकंद.
कोण होतं, ते यंत्र लिहीत नाही.

रात्री रिक्षात पुतळा शेजारी बसवला.
ताई, यांचं पण भाडं पडेल हां.
उंटवाडीच्या पुलाआधी गतिरोधक,
पुतळा कलंडला, मी झटकन धरला,
हात पडला तो त्याच्या छातीवर, डावीकडे,
आणि शालीखाली सतरा वाजली.
जाकीट काढायचं राहूनच गेलं होतं.

पूल गेला. त्रिमूर्ती चौक गेला.
रिक्षावाल्यानं एकदा आरशात बघितलं
आणि रेडिओचा आवाज वाढवला.
पवननगर आलं, कुठे थांबवू?

जरा पुढे घ्या, मी म्हटलं.